श्रीलंकेतलं यादवी युद्ध 26 वर्षं का चाललं? सिंहली-तमिळ वैर मुळात हजारो वर्षांचंच आहे का?

नाही. हजारो वर्षांचं वगैरे काही नाही, आणि हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं कारण आमच्या मामांच्या तोंडून मी हे लहानपणापासून ऐकतोय. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, 1987 ला भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर जाफन्यात, म्हणजे उत्तरेतल्या तमिळ शहरात होते. लग्नकार्यात जेवणं उरकली की मामा सुरू, "दाजी, ती माणसं पहिल्यापासून एकमेकांच्या जिवावर उठलेली, तुम्हाला उगीच मरायला पाठवलं." वडील उठून बाहेर जायचे.

मला मात्र त्यांनी एक गोष्ट बऱ्याचदा सांगितलीय. जाफना ताब्यात आल्यावर त्यांची ड्युटी एका गल्लीत होती, तिथे एक म्हातारे रिटायर्ड कारकून राहायचे. त्यांच्या विहिरीवर पाणी भरायला गेलं की ते आधी शिव्या घालायचे, तुमच्या तोफांनी आमची घरं पडली म्हणून, आणि मग स्वतःच पोहरा काढून द्यायचे. मद्रास रेजिमेंटचा एक हवालदार कधीमधी असायचा, तो म्हाताऱ्यांचं तमिळ बोलणं हिंदीत सांगायचा. म्हातारे इंग्रजीच्या जोरावर सरकारी नोकरीला लागलेले, 1956 ला पंतप्रधान बंडारनायकेंनी सिंहली हीच राजभाषा असा कायदा केला आणि मग सिंहलीची परीक्षा द्या नाहीतर इन्क्रिमेंट विसरा. त्यांनी नाही दिली. पुढे 70 च्या दशकात मुलाची इंजिनियरिंगची ॲडमिशन हुकली, कारण तमिळ माध्यमाच्या पोरांना सिंहली माध्यमापेक्षा जास्त मार्क लागतील असा नियम आलेला. मग तो मुलगा तमिळ बंदूकवाल्यांत गेला. वडील म्हणायचे, त्या घरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं नाव कुणी काढलं नाही, बोलायचे ते नोकरी आणि ॲडमिशनबद्दल.

मामा नेहमी तमिळ राजा एलारा आणि सिंहली राजा दुट्टगामणीची लढाई काढतात, महावंस या जुन्या सिंहली बौद्ध ग्रंथातली. अहो, त्याच महावंसात दुट्टगामणीने मेलेल्या एलाराचा मान राखला, त्याच्या समाधीपुढून जाताना वाद्यं बंद ठेवायला लावली असं लिहिलंय. आणि कँडीच्या सिंहली राज्याच्या गादीवर 1815 ला इंग्रजांनी ती घेईपर्यंत शेवटचे राजे कोण होते? दक्षिण भारतातून आलेले नायक्कर. वैर रक्तातच असतं तर सिंहली सरदारांनी त्यांना गादीवर बसवलं असतं का?

युद्ध एवढं लांबलं त्याचं कारण माझ्या मते एकच, समजुतीने घेणाऱ्याला दर वेळी तोंडघशी पाडलं. 1957 ला बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांचा करार झाला, तमिळ भागाला थोडे अधिकार मिळणार होते, भिक्खूंनी बंडारनायकेंच्या घरासमोर ठिय्या दिला आणि पंतप्रधानांनी तो रद्द केला. 1965 ला परत करार, परत गुंडाळला. 1981 ला जाफन्याची लायब्ररी जाळली, जवळपास 97,000 पुस्तकं. 1983 च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि त्यावर सरकारने काय केलं, तर घटनादुरुस्ती करून वेगळ्या देशाची मागणी करणार नाही अशा शपथेची अट घातली आणि मवाळ तमिळ खासदारांच्या जागा गेल्या. मग बोलायला उरलं कोण, एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेचा प्रमुख प्रभाकरन.

इंग्रजांचा दोष आहेच, चहाच्या मळ्यांसाठी मजूर त्यांनी नेले, पण 1948 ला त्याच मळ्यातल्या लाखो तमिळांचं नागरिकत्व काढलं ते स्वतंत्र देशाच्या संसदेने. आपणही धुतल्या तांदळाचे नाही, सशस्त्र तमिळ गटांना ट्रेनिंग भारतात मिळालं आणि नंतर त्यांतल्याच एलटीटीईविरुद्ध आपले जवान लढले, हजाराच्या वर गेले.

आता कुणी म्हणेल मी एलटीटीईची बाजू घेतोय तर अजिबात नाही. त्यांनी इतर तमिळ गटांची माणसं मारली, 1990 ला उत्तरेतल्या मुसलमानांना घरदार सोडायला लावलं. आणि 1971 चं जेव्हीपी या डाव्या पक्षाचं बंड तर सिंहली तरुणांनी सिंहली सरकारविरुद्धच केलेलं, म्हणजे सगळं जातीय भांडणात बसवूही नका.

तुम्ही वाचायला सुरुवात करणार असाल तर 1948 पासून करा, महावंसापासून नको. आणि मामा, तुम्ही हे वाचणार हे मला माहितीय. वडिलांशी बोलायचं असेल तर आधी तो 1957 चा करार वाचून या, आणि लग्नात नको, घरी या.