युनियनशी सहकार्य केल्याने उत्पादन खरोखर सुधारते, की नुसता बैठकांत वेळ जातो?

सुधारते, मात्र केवळ सलोखा असल्याने सुधारते, असे मला वाटत नाही. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला जे ठाऊक असते ते वेळेत वर पोहोचते की नाही, यावर बरेच काही ठरते. मी पाळी सांभाळत असताना एका प्रेसच्या बेअरिंगचा आवाज बदलल्याचे ऑपरेटरला तीन दिवस आधी कळले होते. पण मागच्या वेळी त्याने यंत्र थांबवले तेव्हा वाया गेलेला वेळ त्याच्याच नावावर मांडला गेला होता, म्हणून या वेळी तो गप्प राहिला. बेअरिंग गेले, शाफ्ट खराब झाला आणि दोन पाळ्यांचे उत्पादन बुडाले. युनियनशी आमचे तेव्हा कसलेही भांडण नव्हते.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रेमॉन्टचे आहे. जनरल मोटर्सने तेथील कारखाना १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास असे. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने सुरू झाला; युनियन तीच आणि कामगारही बहुतांशी जुनेच होते, तरीही गैरहजेरी झपाट्याने उतरली आणि मोटारींचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचला. दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवण्याची मुभा कामगारांना होती, हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते करारातील एक कलम: कामगार कपातीआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी करायचे आणि बाहेर दिलेले काम आत आणायचे. पुढे मागणी घटली तेव्हा कंपनीने कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवले. आपण सुचवलेल्या सुधारणेने शेजारच्याची नोकरी जाणार असेल, तर शहाणा कामगार तोंड उघडत नाही, आणि त्याला बोल लावता येत नाही.

जनरल मोटर्सने हीच पद्धत कॅलिफोर्नियातीलच व्हॅन नाइस येथील आपल्या कारखान्यात आणून पाहिली, पण ती रुजली नाही. जुने हक्क सोडायला अनेक कामगार राजी नव्हते आणि लाइन थांबू द्यायला सुपरवायझर.

तुम्ही बैठकांचे विचारले आहे. व्यवस्थापन आणि कामगार यांच्या ज्या संयुक्त समितीपुढे पंखे आणि कॅन्टीन यांखेरीज विषयच येत नाही, तिच्यात वेळ जातोच. तुमच्याकडे अशी समिती असेल, तर वर्षभराचे इतिवृत्त काढून कामगाराच्या सूचनेवरून कामाच्या पद्धतीत कोणता बदल झाला आणि त्याला किती दिवस लागले, एवढे पाहा.