तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपले, तरी वडिलांचं तोंड उघडत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन आठ महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण तोंडात जेमतेम दीड बोट जातं, घास कोरडा लागतो आणि वडील सतत मरगळलेले असतात. ‘हळूहळू सुटेल’ असं घरचे म्हणतात. आपोआप सुटत नाही. रेडिएशनमुळे जबड्याचे स्नायू ताठर होणं उपचारानंतरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं चालू राहतं.

आधी मोजा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर आठवड्यातून एकदा, सकाळी व्यायामाआधी, पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहा. ३५ मिमीपेक्षा कमी म्हणजे तोंड आखडलेलं.

व्यायामाला आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या पुरतात. आधी गालाला कोमट शेक द्या. ऑपरेशनची जागा बधिर असते, चटका त्यांना कळणार नाही, म्हणून पाणी तुमच्या हाताने तपासा. मग सहज बसतील तेवढ्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरा आणि गठ्ठ्याच्या मधोमध आणखी एक हळूच सरकवा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. ३० सेकंद धरून काढा. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच पाळ्या. बिघडतं ते इथेच: एकदाच जोर लावतात, स्नायू दुखावतो, मग आठवडाभर सुट्टी, आणि तेवढ्यात कमावलेलं जातं. दात हलत असतील किंवा जबड्याचं हाड कापून प्लेट बसवली असेल, तर काड्या लावण्याआधी सर्जनला विचारा.

कोरडेपणाचं कारण वेगळं, लाळग्रंथी भाजलेल्या असतात. लाळ कमी झाली की दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, कपभर कोमट पाणी अशा गुळण्या दिवसातून चार-पाचदा करा. फ्लोराइडची पेस्ट वापरून फक्त थुंका, चूळ भरू नका. घसा ओला राहावा म्हणून खडीसाखर चघळायला देतात ती आधी बंद करा; किडीला आयतं खाद्य आहे ते.

दात दुखला म्हणून गल्लीतल्या डेंटिस्टकडून परस्पर काढून घेऊ नका. रेडिएशन मिळालेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही आणि हाड कुजू शकतं. हा धोका दहा वर्षांनीही असतो. डेंटिस्टला रेडिएशनचे कागद दाखवा, त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलू द्या.

मरगळीसाठी टॉनिक आणण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड मंदावणं अगदी नेहमीचं, म्हणून ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, वजन वाढणं ही त्याचीच लक्षणं, पण घरी सगळं ‘आजारपणाचा अशक्तपणा’ या खात्यात जमा होतं. हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या.

तंबाखू सुटली असेलच. जेवणानंतरची सुपारीसुद्धा सोडायला लावा; तंबाखूशिवायच्या सुपारीनेही तोंड आखडतं आणि कॅन्सरही होतो.

मापात अचानक घट झाली, नवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, मानेत गाठ लागली किंवा कानाकडे नवी कळ जाऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.