नवीन पाळकाला, तृतीयपंथी विश्वासणाऱ्यांविषयी

तुझ्या उपासनेला एक तृतीयपंथी ताई येऊ लागल्यात, हे ऐकून बरं वाटलं. पहिल्याच भेटीत शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारू नकोस. इतर कोणाला आपण असं विचारतो का? त्या सांगतील त्याच नावाने हाक मार. आपल्या मंडळीत बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे बसतात. कुठं बसायचं ते त्यांनाच ठरवू दे, आणि वडीलजनांशी आधीच बोलून ठेव. रविवारी दारात वाद नको.

वचन शिकवताना प्रेषितांची कृत्ये ८ घे. कूशी, म्हणजे कूश देशाचा, षंढ विचारतो, बाप्तिस्मा घ्यायला मला काय हरकत आहे? सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याच्या षंढ असण्याची अडचण काढत नाही, त्याच्यासोबत पाण्यात उतरतो. मग यशया ५६ वाचा, तिथं देव षंढांना आपल्या घरात जागा देतो. निवांत वाचा, दोन-तीन बैठका लागल्या तरी चालेल.

सगळ्यात जपायचं ते डेऱ्याबाबत, म्हणजे गुरूच्या हाताखाली तृतीयपंथी एकत्र राहतात त्या घराबाबत. ‘गुरूला सोड, टाळी सोड’ (टाळी वाजवून मागणं सोड) असं साक्षीच्या, म्हणजे देवाने आयुष्य कसं बदललं ते सांगण्याच्या, उत्साहात सांगणारे पुष्कळ असतात. पण गुरू-चेल्याचं नातं म्हणजे त्यांचं घर, पोट आणि आजारपणातला आधार. तो सोडायला सांगण्याआधी रात्री त्या कुठं झोपतील, याची सोय मंडळीकडे आहे का बघ. नसेल तर गप्प बस. आणि साक्ष द्यायला लगेच व्यासपीठावर उभं करू नकोस.