आधी लिंकचं गणित मांड

मोबाइल नेटवर्कमधले विखुरलेले अँटेना आपले सिग्नल एका मध्यवर्ती प्रोसेसरकडे पाठवतात. असे अँटेना किती नि कुठे लावायचे हे नंतर. आधी प्रत्येक अँटेनापासून त्या प्रोसेसरपर्यंतची लिंक सेकंदाला किती बिट वाहू शकते ते बघ. २० मेगाहर्ट्झच्या एलटीईचे, म्हणजे ४जी सिग्नलचे, सेकंदाला ३.०७२ कोटी नमुने होतात. प्रत्येक नमुन्याच्या आय आणि क्यू या दोन घटकांना प्रत्येकी १५ बिट दिले, तर एकाच अँटेनाचे सेकंदाला ९२१.६ मेगाबिट, सीपीआरआयचं (अशा लिंकसाठीच्या प्रमाणित इंटरफेसचं) नियंत्रण आणि लाइन कोडिंग धरून १२२८.८. आठ अँटेना म्हणजे जवळपास १० गिगाबिट, आणि तेही वापरकर्ता एकच असला तरी!

म्हणून एफएफटी, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडायचं काम, अँटेनाजवळच उरक. २०४८ पैकी १२०० उपवाहकच (फ्रिक्वेन्सीचे बारीक पट्टे) कामाचे, बाकीचं कशाला पाठवायचं? मग बिट कमी कर. एक बिट कापला की क्वांटायझेशनचा (नमुना मोजक्या बिटांत बसवताना होणाऱ्या चुकीचा) गोंगाट सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण तो रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा बराच खाली आहे तोवर फारसं बिघडत नाही. सगळ्यांना सारखे बिट वाटू नकोस. ज्या अँटेनाला वापरकर्ता स्पष्ट ऐकू येतो त्याला जास्त दे.

वायनर-झिव कोडिंग शेजारच्या अँटेनांमधल्या साधर्म्याचा फायदा घेऊन आणखी बिट वाचवतं, कागदावर सुंदरच दिसतं. पण त्याला चॅनेलची (वापरकर्ता ते अँटेना या रेडिओ वाटेची) आकडेवारी अचूक लागते, तेव्हा सध्या त्याच्या नादी लागू नकोस.