स्त्रीवाद वाचायला घेताय? दोन मजकुरांपासून सुरुवात करा

स्त्रीवाद समजून घ्यायला काय वाचावं, याची लांबलचक यादी मागितलीत, पण पहिल्या महिन्यात दोनच मजकूर वाचा, तेही मुळातून. एक, मुक्ता साळवेचा १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आलेला निबंध. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी थेट विचारते, आमचा धर्म कोणता? दुसरा, ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२). तिचा रोख पुरुषांच्या दुटप्पीपणावर. राग दोघींचा खरा, पण समाजातल्या जागा वेगळ्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, त्यावर रेंगाळा.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- सगळ्या स्त्रीवादी एकाच राजकारणाच्या, असं धरून चालणं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. रमाबाई रानडे यांनी हिंदू सुधारकांच्या वर्तुळात राहून काम केलं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला जमल्या, त्या खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या शेतकरी संघटनेच्या. डाव्या कार्यकर्त्यांचा त्या अर्थकारणाला विरोध होता.
- एक मत पटलं नाही की त्या बाईलाच सोडून देणं. असं करू नका. आदर ठेवून मतभेद ठेवता येतो.

स्त्रीवादाच्या 'लाटा' (म्हणजे चळवळीचे टप्पे), सिद्धान्त, परिभाषा आत्ता बाजूला राहू द्या. मुक्ताचा निबंध छोटा आहे, आज रात्रीच वाचून होईल. काय वाटलं ते नक्की लिहा.