वडिलांना दारूचं व्यसन होतं, मला मात्र चढतच नाही. मग मला धोका कमी का?

तुमचं म्हणणं असं की वडील दारूपायी गेले, तुम्ही चार पेग रिचवूनही सरळ चालता आणि मित्र अर्ध्या ग्लासात लालबुंद होतो. म्हणजे व्यसनाची भीती त्यालाच जास्त. माझ्या मते नेमकं उलट आहे.

यकृतात दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मग एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं. या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा फरक असला की विष साचतं: चेहरा तापतो, छाती धडधडते, मळमळतं. व्यसन सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी हेच एन्झाइम बंद पाडते. या मंडळींना ती जणू जन्मतःच मिळालेली. पूर्व आशियात असे लोक भरपूर. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हा बदल आला असेल, तर दारूच्या आहारी गेलेला माणूस जवळजवळ सापडतच नाही. (मित्र लाल होऊनही पीत राहिला तर मात्र अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. लाली दाबणारी वेगळीच गोळी घेऊन ती लपवणारे महाभागही असतात. लाली जाते, विष तिथेच.)

आता तुमचं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी व्यसनी बापांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली. रक्तातलं प्रमाण इतरांइतकंच, पण यातल्या बऱ्याच जणांना नशा कमी जाणवली, तोलही कमी गेला. पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर, ज्यांना कमी चढायची तेच जास्त संख्येने व्यसनात अडकलेले दिसले. साधी गोष्ट आहे: 'पुरे' हा निरोप उशिरा येतो, तोवर आणखी दोन पेग पोटात गेलेले असतात.

पण म्हणून वडिलांचंच तुमच्या कपाळी लिहिलंय असं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघतो, आणि तोही अनेक जनुकांत विखुरलेला. जपानचं उदाहरण बघा. व्यसनी रुग्णांमध्ये त्या बदललेल्या जनुकाची एक प्रत (आई किंवा वडील, एकाकडूनच आलेली) असलेले 1979 मध्ये 2.5 टक्के होते, 1992 मध्ये 13 टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत, पिण्याची रीत बदलते.

त्यामुळे प्यायचीच असेल तर 'चढली का' हे विचारू नका, पेग मोजा. आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. तुम्हाला कितीही ठीक वाटलं तरी रक्तातला आकडा मित्रासारखाच वर जातो.