दशांशाचं पाकीट आणि सहा दिवसांची मजुरी

वास्कोहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. कुटुंब मूळचं नगरचं, नोकरीमुळे गोव्यात स्थायिक झालेलं. यजमान मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच आहेत. रोज पहाटे शास्त्रवाचन होतं, दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, आजवर कधी चुकला नाही. गेल्या महिन्यात घरी कामाला येणाऱ्या बाईंना डेंग्यू झाला. त्या सहा दिवस आल्या नाहीत, म्हणून यजमानांनी सहा दिवसांचे पैसे कापले. रविवारी सकाळी बाई दारात येऊन मागू लागल्या, तर म्हणाले, “आज प्रभूचा दिवस. आज पैशाचं बोलू नका.” त्या वेळी दशांशाचं पाकीट टेबलावर भरून ठेवलेलं होतं. सोळा वर्षांच्या मुलाने ते पाहिलं, पायातले बूट काढले आणि म्हणाला, “मी येत नाही.” तेव्हापासून तो उपासनेला गेलेला नाही. भगिनी विचारतात: मुलाला काय सांगू? आणि हे सगळं मुकाट्याने पाहत मी गायनात उभी राहते, तर मीही ढोंगीच ना?

प्रिय भगिनी,

तुम्ही विचारलंत मुलाबद्दल, पण मी आधी बाईंबद्दल बोलणार आहे. तुमच्या घरात आज तातडीचं काही असेल, तर ती त्यांची थकलेली मजुरी आहे.

यजमान रोज शास्त्र वाचतात म्हणता, तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय त्यांच्या नजरेखालून गेलाच असेल. मजूर भाऊबंद असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष त्या पैशाकडे लागलेलं असतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. नव्या करारातल्या पत्रात याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. येशूने परूशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या त्या काळच्या धार्मिकांना, सुनावलं तेही नेमकं हेच. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश तुम्ही मोजून देता, आणि न्याय, दया, विश्वास मात्र सोडून देता. दशांश देऊ नका, असं तो म्हणाला नाही. ते करावं आणि हेही सोडू नये, असं म्हणाला. म्हणून ते पाकीट टेबलावर होतं यात मला काही वावगं दिसत नाही. पण त्या सकाळी पाकिटातले पैसे आधी दारात उभ्या असलेल्या बाईंच्या हातात जायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, काम केलं नाही तर पैसे कसले? यजमान आजारी पडले आणि त्यांच्या कंपनीने पगार कापला, तर त्यांना काय वाटेल? आपण आजारपणाची भरपगारी रजा हक्काने घेतो. बाईंच्या बाबतीत तो हक्क द्यायचा की नाही हे आपल्याच मनावर असतं, आणि आपला विश्वास कितपत खरा आहे ते तिथे कळतं. यजमानांच्या विश्वासाबद्दल पाळक काय सांगतील त्यापेक्षा बाई काय सांगतील, याला मी जास्त किंमत देईन.

तेव्हा तुम्हीच पैसे द्या. घरखर्च तुमच्या हातात असतो, असं पत्रात आहे. पण चोरून देऊ नका. आदल्या रात्री यजमानांना सांगा, “मी उद्या बाईंचे सहा दिवसांचे पैसे देणार आहे.” चिडतील, चिडू द्या. बाईंना देताना “तुमचेच राहिले होते” एवढंच म्हणा. उपकार केल्यासारखं नको, नाताळची भेट म्हणून तर मुळीच नको. मुलाला दाखवायला म्हणूनही करू नका. त्याला कळायचं ते कळेल.

आता मुलगा. त्याला चर्चमध्ये ओढून नेऊ नका, काही आठवडे जाऊ द्या. “तुझा राग बरोबर आहे” हे त्याला सरळ सांगा. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय त्याला वाचायला द्या. तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमची गाणी बंद करा आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं देव तिथे म्हणतो. पोराला वाटतं आहे की आपण देवापासून दूर चाललो. मला तर तो त्या सकाळी घरातल्या इतरांपेक्षा देवाच्या जवळ होता असं वाटतं. पण त्याला हेही विचारा, बाईंचं आडनाव तुला माहीत आहे का? जेवल्यावर ताट कोण उचलतं? वडिलांचं चुकलं म्हणून तो सुटला, असं होत नाही.

एक सुचवू? तुमच्यापासून सांकवाळ फार लांब नाही. एखाद्या सुट्टीला त्याला घेऊन जा. संत जुझे वाझ यांचं घर त्या गावचं. 1651 साली ते बाणावलीला जन्मले, 1687 मध्ये मजुराच्या वेशात सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पोचले, कारण तिथल्या डच राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. तिथल्याच कँडी राज्यात हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. त्याच कँडीत 1697 मध्ये देवीची साथ आली. माणसं घरच्या रोग्यांना टाकून पळत होती, तेव्हा ते आणि त्यांचा भाचा रोग्यांना धुऊन-पुसून, खाऊ-पिऊ घालून सांभाळत होते, मेलेल्यांना पुरत होते. रोगी कुठल्या धर्माचा, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही प्रॉटेस्टंट, संतांपुढे मेणबत्ती लावत नाही, ते ठीक आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला शब्द नको असतात, केलेलं दाखवावं लागतं. आणि हा माणूस आपल्या इथलाच आहे.

यजमानांबद्दल एक वाक्य तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंत, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ते मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढले, दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांवर. ज्याने असं लहानपण काढलं त्याचा हात खिशाकडे जाताना आखडतो. यामुळे बाईंवरचा अन्याय न्याय होत नाही, पण तुमच्या बोलण्याचा सूर बदलायला हवा. वचनं त्यांच्या अंगावर फेकू नका, ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील. मुलासमोर नको, रविवारी नको. दोघंच असताना विचारा, “बोर्डिंगमध्ये तुम्ही आजारी पडायचात तेव्हा कोण बघायचं?” मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या.

तुम्ही ढोंगी आहात का? ढोंग्याला असं पत्र लिहावंसं वाटत नाही. गात राहा. पण गप्प राहणं तेवढं सोडा.

राहिली तुम्ही पत्रात लिहिलेली दिरांची गोष्ट. सासऱ्यांच्या दफनानंतर जमिनीवरून बोलणं बंद आहे, चार वर्षं झाली. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे हे यजमानांना ठाऊक आहे. तरी दोन्ही विषय एकदम काढू नका, आधी बाईंचा निकाली निघू द्या. आणि त्यांना एक सांगा: समेट करायचा म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव सोडायचं असं नाही. वाटणी वकिलाकडे चालू राहू दे, पण भावाची तब्येत विचारायला वकील लागत नाही. ते फोन करतील तेव्हा करतील. तुम्ही मात्र जाऊबाईंना याच आठवड्यात करा. नाताळची वाट बघू नका.